वांद्रे पश्चिम: वस्ती आणि समाज

वांद्रे पश्चिम हा मुंबईच्या पश्चिम उपनगरातला समुद्रकाठचा भाग, दक्षिणेला माहीमची खाडी, उत्तरेला खार आणि पश्चिमेला सरळ अरबी समुद्र. बोलताना बरेच जण बांद्रा म्हणतात, मराठीत नाव वांद्रे, आणि ते बंदर या शब्दावरून आलं असं मानतात. बाहेरच्या माणसाला हा एरिया माहीत असतो तो सिनेमातल्या लोकांच्या घरांमुळे, कॅफेंमुळे आणि लिंकिंग रोडच्या खरेदीमुळे. ते सगळं आहेच, पण इथला समाज समजून घ्यायचा तर पाली हिलवरून नाही, खाली चिंबई या कोळीवाड्याच्या किनाऱ्यावरून सुरुवात करायला हवी, कारण कोळी आणि शेतकरी इथे आधीपासून होते, श्रीमंती खूप नंतर आली.

आकडे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. महापालिकेचा एच पश्चिम वॉर्ड म्हणजे एकटं वांद्रे नाही, त्यात खार आणि सांताक्रुझचा पश्चिम भागही येतो. २०११ च्या जनगणनेत या वॉर्डाची लोकसंख्या ३,०७,५८१ होती आणि रुळांच्या पलीकडच्या एच पूर्व वॉर्डाची ५,५७,२३९. महत्त्वाचं म्हणजे एच पश्चिमची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झालीय, म्हणजे बिल्डिंगा उंच होत गेल्या, जागेचे भाव वाढत गेले आणि राहणारी माणसं मात्र घटली. मोठे फ्लॅट, छोटी कुटुंबं, घरांच्या जागी दुकानं आणि ऑफिसं, ही कारणं तिथे फिरताना सहज दिसतात. शिवाय वॉर्डाचा एकच आकडा समुद्रासमोरचा फ्लॅट आणि कोळीवाड्यातली दहा बाय दहाची खोली एकत्र मोजतो, त्यामुळे सरासरीवरून इथलं काहीच नीट कळत नाही.

१५३४ मध्ये साष्टी बेट, ज्यावर वांद्रे आहे, पोर्तुगीजांकडे गेलं आणि इथल्या कोळी, कुणबी, भंडारी वगैरे लोकांपैकी पुष्कळ जण ख्रिस्ती झाले. सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ चं, लँड्स एंडचा किल्ला १६४० चा. १७३९ ला मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७७४ ला ती इंग्रजांकडे गेली, पण या सगळ्यात गावं आणि त्यांच्या पाखाड्या, म्हणजे छोट्या वाड्या, टिकल्या: रानवर, चुईम, पाली, शेर्ली, राजन. इथले मूळ कॅथलिक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात, हे नाव त्यांनी १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलं, नोकरीसाठी बाहेरून येणाऱ्या गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिश्चनांपेक्षा आपण इथलेच हे सरकारला कळावं म्हणून. त्यांची घरची बोली मराठीच आहे, पोर्तुगीज शब्द मिसळलेली, आणि हे आजही कित्येक मराठी माणसांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. लग्नाआधी उंबराचं पाणी आणायचा विधी, म्हाताऱ्या बायकांचं लुगडं, उन्हाळ्यात कुटून बाटलीत दाबून भरलेला मसाला, हे सगळं आपल्याच कोकणपट्टीतलं आहे.

रानवरच्या गल्लीत गेलात तर कौलारू घरं, बाहेरून चढणारा लाकडी जिना, पुढे बसायला ओटा आणि कोपऱ्यावर पांढरा क्रॉस, त्याला झेंडूचा हार, असं चित्र अजून मिळतं. १८९६ च्या प्लेगमध्ये साथ टळावी म्हणून लोकांनी असे बरेच क्रॉस उभारले. त्या गल्लीच्या तोंडाशीच आता टॉवर आहेत. घरातली तरुण पिढी कॅनडा, ऑस्ट्रेलिया नाहीतर गल्फला आणि मागे आईवडील, हे इथल्या कॅथलिक घरांमध्ये खूप दिसतं, आणि मग घर रिडेव्हलपमेंटला जातं.

पैसेवाली वस्ती यायला लागली ती रस्ता आणि रेल्वे झाल्यावर. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, त्याआधी खाडी होडीनेच ओलांडायची. १८६० च्या दशकात रेल्वे आली, १८७६ ला वांद्र्याची स्वतःची नगरपालिका झाली. पारशी आणि इंग्रजांचे बंगले टेकडीवर चढले, फाळणीनंतर वांद्रे-खार पट्ट्यात सिंधी आले, बाजार रोडच्या बाजूला मुस्लिम वस्ती जुनीच. दिलीप कुमारांसारखे नट पाली हिलवर राहायला आले आणि एरियाची नवी ओळख तयार झाली. २००९ ला वरळी सी लिंक सुरू झाल्यावर दक्षिण मुंबई अजून जवळ आली.

आणि रुळांच्या पूर्वेला सरकारी वसाहत, बेहरामपाडा, कलानगर आणि पुढे बीकेसीचे, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाचे, काचेचे टॉवर. पश्चिमेच्या घरांत स्वयंपाक करणाऱ्या बाया, ड्रायव्हर, वॉचमन यातले बरेच या बाजूने रोज रूळ ओलांडून येतात. त्यांची मोजणी पूर्वेत होते पण त्यांचा दिवस पश्चिमेत जातो, म्हणून दोन्ही वांद्रे वेगळी धरून केलेलं कुठलंही वर्णन अपुरंच राहतं.

कार्टर रोड आणि बँडस्टँडचे समुद्रकाठचे फिरायचे रस्ते राखण्यात रहिवाशांच्या संघटनांचा मोठा हात आहे, इथले लोक हक्काने भांडतात. पण सगळे थर एकत्र येतात ते सप्टेंबरमध्ये, टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चच्या जत्रेला. कोळी लोक तिथल्या मेरीमातेला मोतमाउली म्हणतात. ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर बेस्ट जादा गाड्या सोडते आणि चढावर स्टॉलांची रांग लागते, तिथे मेणाचे हात, पाय, बाळ, छोटं घर असं सगळं मिळतं, ज्याचं जे दुखणं किंवा जी इच्छा ते विकत घ्यायचं आणि वर वाहायचं. घर हवं असणारे मेणाचं घर घेतात. त्यात हिंदू असतात, मुसलमान असतात, आणि चिंबईहून चालत आलेल्या कोळणीही असतात.