वाडा कोणता, गढी कोणती?

गावाच्या उंचवट्यावरची जुनी, भव्य दरवाज्याची वास्तू कुणी वाडा म्हणून दाखवतं, कुणी गढी म्हणून. घोळ होणारच, कारण गढीच्या तटाआत राहतं घर म्हणून वाडाच बांधलेला असतो. बोलण्यात हे चालून जातं. डागडुजी काढताना मात्र दोन्हींतला फरक आधी कळायला हवा.

वाड्याचा भार लाकूड पेलतं. दगडी जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, मग तुळया म्हणजे आडवी तुळवटं आणि कडीपाट म्हणजे लाकडी छत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. वाडा किती मोठा, हे खणांतच सांगतात. मधल्या भिंती म्हणजे विटामातीची भर. चौक, त्याभोवती सोपे म्हणजे चौकाकडे उघडे दालन, आत माजघर. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात ही रचना निवांत पाहता येते.

गढीत सगळा भरवसा तटावर. खाली दगड, वर पांढऱ्या मातीची जाडजूड भिंत, तीही पायाशी रुंद आणि वर निमुळती. कोपऱ्यांना बुरूज, तटात जंग्या म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली भोकं. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात देशमुख-पाटलांच्या अशा गढ्या गावोगाव दिसतात.

नावावर जाऊ नये. पुण्याच्या शनिवारवाड्याची 1732 साली वास्तुशांत झाली; नाव वाडा, पण भोवती तट आणि नऊ बुरूज. 1828 च्या आगीत आतले लाकडी महाल गेले, जोती आणि तट राहिले. लाकडाचा वाडा आणि संरक्षणाचा तट यांतला फरक तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतो.

वाडा खचतो तो बहुधा खांबाच्या पायापासून. फरशी बदलताना सिमेंटचा थर चढतो, तळखडा त्यात गाडला जातो, ओल खांबात चढते आणि मागोमाग वाळवी येते. वरून रंग दिलेला खांब धडधाकट दिसतो. बुंध्याशी जाड खिळा दाबून पाहा. तो सहज आत गेला, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर लाकूड कुजलंय. अख्खा खांब बदलायची घाई नको. तुळईला दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू देऊन कुजका भाग कापावा, जुन्या सागाचा तुकडा सांध्यात बसवावा आणि तळखडा पुन्हा मोकळा करावा. दरवर्षी पावसाआधी कौलांची शाकारणी, म्हणजे कौलं नीट बसवणं, चुकवली, तर वर पाणी मुरून हेच दुखणं तुळयांच्या टोकांना लागतं.

गढीला मरण वरून येतं आणि खालूनही. तटाचा माथा उघडा पडला की पाणी भिंतीच्या पोटात उतरतं, माती फुगते आणि पुढचा दगडी दर्शनी थर सुटून येतो. खालून गावकरीच पांढरी माती खणून नेतात, कुणी शेतात घालायला, कुणी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकायला. पाया पोकळ झाला की वरची भिंत एका पावसात बसते. यावर सिमेंटचा गिलावा करणं ही सर्वांत वाईट चूक. आतली ओल कोंडते, माती भुसभुशीत होते आणि गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट सुटतात. माथ्यावर माती-चुन्याचा थर बाहेरच्या बाजूला उतार देऊन घालावा, पाणी तटापासून दूर काढावं. भेगेतला पिंपळ उपटू नये, मुळांबरोबर दगड निघतात. तो वेळोवेळी छाटून मूळ जागीच मारावं आणि भेग चुन्यानं भरावी.