बहुवर्ग अध्यापन (ग्रामीण विदर्भ)

बहुवर्ग अध्यापन : एकाच शिक्षकाने एकाच वेळी दोन किंवा अधिक इयत्तांना शिकविण्याची पद्धत. शिक्षकांच्या बोलण्यात 'जोडवर्ग'. मेळघाट, गडचिरोली आणि यवतमाळ जिल्ह्याचा झरी जामणीकडील भाग येथील लहान जिल्हा परिषद शाळांत ही अपवादाची नव्हे, रोजची व्यवस्था आहे. इयत्तांमधील फरक आणि मुलामुलांच्या शिकण्यातील फरक या वास्तविक दोन वेगळ्या बाबी. मात्र खेड्यातील एका खोलीत त्या एकत्रच भेटतात, म्हणून प्रस्तुत नोंदीत दोहोंचा विचार केला आहे.

उगम : याविषयी मतभेद आहेत. एक मत असे की, पंतोजीच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून धुळाक्षरे गिरवून घेत, पाढे म्हणवून घेत. तीच रीत पुढे जोडवर्गात टिकली. या मताला अँड्र्यू बेल याच्या प्रयोगाचा आधार दिला जातो. बेल हा मद्रासजवळील एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमाचा 1789 पासून अधीक्षक होता. मलबारी मुले वाळूत अक्षरे काढताना पाहून आपल्याला विद्यार्थ्यांकरवी शिकविण्याची कल्पना सुचली, असे त्याचे म्हणणे. त्याचा अहवाल 1797 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने तेथे स्वतःची शाळा काढली आणि श्रेय कोणाचे यावर दोघांच्या अनुयायांत दीर्घ वाद चालला. त्याच्याही पुष्कळ आधी, 1623 मध्ये, पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने कर्नाटकात देवळाच्या ओसरीवर काही मुले गुरूवाचून वाळूवर अंक लिहून एकमेकांना शिकवीत असल्याचे नोंदविले आहे. इतिहासाचे अभ्यासक धरमपाल यांनी 1983 मध्ये देशी शाळांसंबंधीची इंग्रजी कागदपत्रे प्रसिद्ध केल्यानंतर हे मत अधिक रूढ झाले.

विदर्भापुरते ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. मद्रास व मुंबई इलाख्यांतील देशी शाळांची 1820 च्या दशकातील पाहणी आणि बंगालमधील देशी शाळांवरील विल्यम अ‍ॅडमचे अहवाल (1835–38) यांत हा प्रदेश येत नाही. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाकडे होते आणि नागपूर भोसल्यांकडे. ते 1854 मध्ये खालसा झाले. शिवाय पंतोजीच्या शाळेत इयत्ताच नव्हत्या. प्रत्येक मूल आपापल्या गतीने मुळाक्षरांवरून मोडीकडे आणि मोडीवरून हिशेबाकडे जाई. जेथे वर्ग नाहीत तेथे बहुवर्ग कसला? इयत्ता, त्यांची पुस्तके आणि परीक्षा सरकारी शाळांबरोबर आल्या. इयत्ता चार आणि गुरुजी एक, ही अडचण त्यानंतरची. त्यामुळे जोडवर्गाचा उगम परंपरेत नव्हे, तर प्रशासनात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.

वर्धा येथे 22–23 ऑक्टोबर 1937 रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीमशी (हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची गांधीजींची योजना) काही लेखक या पद्धतीचा संबंध जोडतात. सूतकताईसारख्या उद्योगात वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र बसू शकतात हे खरे. तथापि झाकिर हुसेन समितीने आखलेला अभ्यासक्रम सात वर्षांचा, क्रमवार होता. संबंध असलाच तर दूरचा.

प्रशासकीय वाटचाल : जनपद सभांच्या (जुन्या मध्य प्रांतातील तालुका पातळीवरील स्थानिक संस्था) व 1962 नंतर जिल्हा परिषदांच्या काळात एकशिक्षकी शाळा वाढत गेल्या. 1986 च्या राष्ट्रीय धोरणानंतर आलेल्या खडू-फळा मोहिमेने दोन खोल्या व दोन शिक्षक हे किमान ठरविले. शिक्षणहक्क कायद्याने (2009) पहिली ते पाचवीसाठी 60 विद्यार्थ्यांच्या पटापर्यंत दोन शिक्षक ठेवले. म्हणजे द्विशिक्षकी शाळेतील जोडवर्ग हा नियमभंग नाही. तो नियमातूनच आला आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार 2023 मध्ये पुढे आला व त्यास विरोधही झाला.

अध्यापनाची रीत : सामान्यतः पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. एका गटाला प्रत्यक्ष शिकविताना दुसरा स्वयंअध्ययनात असतो. भिंतीच्या खालच्या भागात रंगविलेले तळफळे, शंभर मण्यांची माळ, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे ही साधने सर्वत्र दिसतात. परिपाठ, गाणी, गोष्ट सर्वांची एकत्र होते. इयत्तेऐवजी वाचन व गणितातील अध्ययन स्तरानुसार गट पाडण्याची रीत अलीकडे बळावली असून जोडवर्गाला ती सोयीची पडते. चौथीतला मुलगा तिसरीच्या गटात बसला तरी एकाच खोलीत असल्याने ते कोणाला टोचत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 4 नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप इयत्तेत घ्यावे लागते. तेव्हा एकाच इयत्तेत दोन-तीन स्तर असणे अपरिहार्यच. कापूस वेचणीच्या आणि मोहफुलांच्या दिवसांत हजेरी घटते, त्या वेळी गट पुन्हा बांधावे लागतात.

भाषा आणि निदान : मूल मागे का पडते, हे ठरविणे येथे विशेष नाजूक आहे. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' आणि 'ण'चा 'न' होतो. श्रुतलेखनात 'शाळा'ऐवजी 'शाया', 'डोळा'ऐवजी 'डोया', 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिणारे मूल कानाला इमान राखून लिहिते. त्याला अध्ययन अक्षमता आहे असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. अक्षमतेच्या खुणा वेगळ्या : सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत वयाने मोठे झाल्यावरही होणारी गल्लत, ओळखीचा शब्द दर वेळी नव्याने जुळवावा लागणे, तोंडी उत्तर बरोबर पण लेखी कोरे. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील, तर गोंडी, माडिया व कोलामी या द्राविड कुळातील भाषा होत. कोरकूत सजीव-निर्जीव असा भेद आहे, गोंडीत पुल्लिंगी व पुल्लिंगेतर असा. अशा घरातून आलेल्या मुलाला 'तो दगड, ती काठी, ते झाड' ही मराठीची विभागणी निव्वळ पाठ करावी लागते. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला ती आईकडूनच मिळालेली असते. शिक्षकाने पहिल्या वर्षी मुलाची भाषा वर्गात येऊ देणे, वस्तूंची नावे दोन्ही भाषांत तळफळ्यावर लिहिणे, मोठ्या मुलाला दुभाषी करणे हे उपाय उपयोगी ठरतात. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथील लोकबिरादरी आश्रमशाळा (स्थापना 1976) या संदर्भात वारंवार उल्लेखिली जाते.

दिव्यांग विद्यार्थी : दिव्यांगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता, 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत तो झाला. तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकाने प्राथमिक चाचपणी करावी असे 2018 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. स्वतंत्र शाळांची जुनी धारा बाबा आमटे यांच्या आनंदवनातील अंध व मूकबधिर विद्यालयांत दिसते. गावातल्या शाळेसाठी मात्र गटसाधन केंद्रातील (शाळांना साहाय्य करणारे तालुका पातळीवरील केंद्र) विशेष शिक्षक असतो. तो नेमलेल्या शाळांना आळीपाळीने भेट देतो, घरी असलेल्या तीव्र दिव्यांग मुलांना गृहाधारित शिक्षण देतो आणि मुलाचा वैयक्तिक आराखडा वर्गशिक्षकाच्या हाती ठेवून पुढच्या गावाला जातो. दोन भेटींमधले दिवस तो आराखडा दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकालाच चालवावा लागतो.