टेन्शन वेगळं, एन्झायटी वेगळी

आमच्या स्टुडिओत हल्ली कोणालाच टेन्शन येत नाही, सगळ्यांना डायरेक्ट एन्झायटी होते. क्लायंटने कॉल पुढे ढकलला, एन्झायटी. हार्ड डिस्क माउंट होईना, एन्झायटी. कॅन्टीनमधले पोहे संपले तरी तेच. आणि जिला खरोखर एन्झायटी आहे तिला मात्र येता-जाता सगळे सांगतात, "अगं टेन्शन नको घेऊस." मी गेली बारा वर्षं अंधेरीत ॲड एडिट करते, दोन्ही प्रकार अंगावर काढलेत, त्यामुळे एकदाचं लिहूनच टाकते.

टेन्शन काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गणपती गेले की दिवाळीच्या ॲड्सची रांग लागते, एका आठवड्यात तीन फिल्म, फिल्मचे रंग जुळवणारा कलरवाला रात्री अकराला मोकळा होणार आणि सकाळी नऊला एजन्सी बघायला बसणार. धडधड, चिडचिड, ॲसिडिटी. काम हातावेगळं झालं की उतरतं. झालं.

शरीरावरून ओळखायला जाऊ नका, तिथे दोन्ही सारखीच दिसतात. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली तरी हात थरथरतात आणि छाती धडधडते, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं तर वाद घालू नका. कॉफीचंही तेच. सहाला घेतलेल्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं, आणि आमच्याकडे सहाची कॉफी म्हणजे दिवसातली चौथी.

फरक दिसतो तो काम संपल्यावर. फाइल गेली, क्लायंटचा "ओके" आला. टेन्शनवाल्याला त्याच क्षणी भूक लागते, तो खाली जाऊन वडापाव खातो आणि ट्रेनमध्ये उभ्या उभ्या झोपतो. एन्झायटीवाली तो मेसेज परत उघडते. ओके. पूर्णविराम का दिलाय? मागच्या वेळी नव्हता दिला. चिडलाय का? सुपरमध्ये, म्हणजे स्क्रीनवर येणाऱ्या मजकुरात, वेलांटी चुकली का? दादरपर्यंत सुपर, पुढे वेलांटीवरून नोकरी, ठाणे येईपर्यंत घराचा हप्ता. म्हणजे भीतीला बसायला एक खुर्ची लागते, ही काढली की ती दुसरी शोधते.

इथपर्यंत बऱ्याच जणांना कळतं. घोळ पुढे होतो, आणि मला लिहायचंय ते त्याबद्दलच. टेन्शनवर उपाय काय, तर काम नीट उरका, परत तपासा, शंका असेल तर विचारा. अगदी बरोबर. हाच उपाय एन्झायटीला लावला की ती वाढते.

माझंच सांगते. तीस सेकंदांची ॲड, सेकंदाला २५ फ्रेम्स, म्हणजे एकूण ७५०. एक्सपोर्ट झाली की मी पूर्ण बघायचे. ठीक होती. मग वाटायचं, शेवटच्या लोगोवर एक काळी फ्रेम तर नाही ना आली? परत बघायचे. नव्हती. छाती हलकी व्हायची, पाच-सात मिनिटं. मग वाटायचं आपण त्या सेकंदाला डोळे तर नाही ना मिचकावले. एका रात्री एकच फाइल मी एकोणीस वेळा बघितली, शेवटी फ्रेम बाय फ्रेम, बाणाचं बटण दाबत, आणि शेवटची ट्रेन गेली. दुसऱ्या दिवशी प्रोड्युसर सगळ्यांसमोर म्हणाला, "हिच्यासारखी सिन्सिअर व्हा." मला रडू यायचं बाकी होतं.

होतं काय, की प्रत्येक वेळी बघितल्यावर भीती क्षणभर खाली येते, आणि मेंदू त्यातून चुकीचा धडा घेतो. फाइल मुळात बरोबर होती म्हणून काही बिघडलं नाही, हे तो शिकतच नाही. तू बघितलंस म्हणून वाचलीस, हे शिकतो. मग पुढच्या वेळी कमीत कमी तेवढ्यांदा बघावंच लागतं, वर एक जास्त. "बरं झालंय ना रे?" असं चार जणांना विचारणं, मेलचा ड्राफ्ट तासभर घोळवणं, रिव्ह्यूच्या दिवशी नेमकं पोट दुखणं, ही सगळी त्याच कुटुंबातली भावंडं. पहिली दोन मेहनतीसारखी दिसतात म्हणून ऑफिसात त्यांचं कौतुक होतं, आणि तिथेच वाट लागते.

एन्झायटीला चालतो तो उलटा उपाय, आणि तो सुरुवातीला घाणेरडा वाटतो. माझ्या थेरपिस्टबाईंनी नियम घालून दिला: एकदा मोठ्या मॉनिटरवर, एकदा फोनवर आवाज लावून, मग फाइल क्यूसीला, म्हणजे शेवटच्या तपासणीला, द्यायची आणि फोल्डर बंद. शंका राहिली तर राहू दे, तिच्यासकट घरी जा. पहिल्या आठवड्यात मी अक्षरशः मांडीखाली हात दाबून बसायचे. पण भीती चढते तशी काही न करताही उतरते, हे दहा-बारा वेळा अंगाने अनुभवलं तेव्हा पटलं, नुसतं सांगून पटलं नसतं. दुसरं म्हणजे काळजीची वेळ ठरवली, संध्याकाळी साडेसात ते पावणेआठ, वहीत लिहून. दुपारी विचार आला की साडेसातला ये म्हणायचं. ऐकायला बालिश वाटतं, पण साडेसातला वही उघडली की निम्म्या गोष्टी शिळ्या झालेल्या असतात.

प्रोड्युसर लोकांना एक विनंती. असं माणूस दर तासाला विचारायला आलं तर दर तासाला "मस्त आहे गं" म्हणू नका, ते गोड बोलणंच खतपाणी घालतं. त्यापेक्षा "सहाला बसू, तेव्हा सगळं बोलू" म्हणा आणि सहाला खरंच बसा. आणि रात्री दहाला नुसता "कॉल कर" असा मेसेज टाकणाऱ्यांना माझ्याकडे माफी नाही.

आता एक खास राग. "क्रिएटिव्ह माणसाला थोडी एन्झायटी हवीच" म्हणणारे बॉस. पुरावा म्हणून एक घुमटासारखा ग्राफ दाखवतात, ताण वाढला की काम सुधारतं वगैरे. तो ज्या १९०८ च्या यर्कीज आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगावरून आला त्यात उंदीर होते, पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकत होते आणि चुकले की विजेचा झटका. त्यातही फरक ओळखणं जितकं कठीण, तितका सौम्य झटका चांगला ठरला. हा भाग प्रेझेंटेशनमध्ये कधीच येत नाही.

आणि उलट्या बाजूनेही सांगते. तीन माणसांचं काम एकावर टाकलं तर जे होतं त्याला एन्झायटी म्हणू नका, तो ओव्हरलोड आहे, त्यावर माणूस घ्या. मेडिटेशनचं ॲप वाटून एचआरचं पाप धुतलं जात नाही. अर्थात दोन्ही एकत्र असू शकतात, माझी होतीच.

डॉक्टरकडे कधी जायचं? बहुतेक दिवस काळजी, आवरता येत नाही, सहा महिने किंवा जास्त, सोबत झोप, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं असलं काही, तर डॉक्टर 'जनरलाइज्ड एन्झायटी डिसऑर्डर' या आजाराचा विचार करतात. पण सहा महिने कॅलेंडरवर मोजत बसू नका, काम किंवा घर बिघडायला लागलं की जा. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं. आणि एडिट रूममध्ये कोणी अल्प्राझोलामची, म्हणजे एन्झायटीवरच्या गोळ्यांची, स्ट्रिप पुढे करून "अर्धी घे, काही होत नाही" म्हणालं तर घेऊ नका. तिची सवय लागते, रोज घेऊन अचानक बंद केली तर फिट्सही येऊ शकतात, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती मिळायलाच नको. आमच्या मजल्यावर ती च्युइंगगमसारखी फिरते.