मॅस्टडॉन सर्व्हर : उभारणी

मॅस्टडॉन हे मुक्त स्रोत संगणकप्रणालीवर चालणारे समाजमाध्यम स्वतःच्या ताब्यातील लिनक्स वेब सर्व्हरवर बसवून चालवण्याची प्रक्रिया. जर्मनीतील ऑयगेन रोश्को यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅस्टडॉन लोकांसमोर आणले. त्याचा परवाना एजीपीएल ३ असल्याने कोणीही ते उतरवून घ्यावे, बदलावे, चालवावे. मात्र बदललेली प्रत लोकांना वापरायला दिली तर तिचा स्रोतही त्यांना द्यावा लागतो.

असा प्रत्येक सर्व्हर स्वतंत्र असतो आणि तरीही इतर हजारो सर्व्हरांशी बोलतो. ईमेलमध्ये पत्ता कोणत्याही कंपनीचा असला तरी टपाल पोहोचते, तशातलाच हा प्रकार. या संवादाची भाषा म्हणजे ॲक्टिव्हिटीपब हा संकेत. मॅस्टडॉनने तो २०१७ मध्ये स्वीकारला आणि वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला शिफारशीचा दर्जा दिला. हा संकेत पाळणाऱ्या सर्व सर्व्हरांच्या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. भारतात मॅस्टडॉनचे नाव पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर ऐकू आले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यानंतर अनेक भारतीय वापरकर्ते तिकडे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली तेव्हा जगभरातून याहून मोठी लाट आली.

डोमेनची निवड. उभारणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय एकही आज्ञा टंकण्याआधी घ्यावा लागतो. सदस्याचा पत्ता त्याचे नाव आणि सर्व्हरचे डोमेन मिळून बनतो आणि इतर सर्व्हर त्याला याच जोडीने ओळखतात. पुढे डोमेन बदलले तर बाहेरच्या जगाला ती सगळी माणसे नवखी वाटतात, जुने अनुयायी जुन्या पत्त्यावरच अडकून राहतात. रॅम वाढवता येते, डिस्क वाढवता येते, सगळा सर्व्हर दुसऱ्या कंपनीकडे हलवता येतो. डोमेनला ही मुभा नाही. संस्थेचे संकेतस्थळ मूळ डोमेनवर आधीच चालू असेल तर मॅस्टडॉन उपडोमेनवर बसवून पत्ते मात्र मूळ डोमेनचेच ठेवण्याची सोय आहे. त्यासाठी मूळ संकेतस्थळावरून वेबफिंगरच्या (म्हणजे अमुक पत्त्याचे खाते कुठे आहे, अशा) चौकश्या उपडोमेनकडे वळवाव्या लागतात. हे पहिल्या दिवशी केले तर पाच मिनिटांचे काम आहे.

घटक. मॅस्टडॉन म्हणजे एक कार्यक्रम नव्हे, चार-पाच कार्यक्रमांचे एकत्र कुटुंब आहे. पाने आणि एपीआय (इतर ॲप्सना जोडून घेण्याची सोय) देणारा मुख्य भाग रूबी भाषेतल्या रेल्स या चौकटीवर लिहिलेला असून तो पोर्ट ३००० वर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकतो. नव्या नोंदी (पोस्ट) क्षणात पडद्यावर आणणारा प्रवाही भाग जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसचा, पोर्ट ४००० वर. खाती, नोंदी, अनुयायी हा सगळा कायमचा साठा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, तर कामांच्या रांगा आणि प्रत्येकाची मुख्य टाइमलाइन रेडिस या मेमरीत चालणाऱ्या झटपट साठ्यात असते. साइडकिक हा यातला खरा राबणारा गडी: इतर सर्व्हरांकडे नोंदी पोहोचवणे, त्यांच्याकडून आलेल्या स्वीकारणे, ईमेल पाठवणे ही कामे तो मागच्या बाजूला करत असतो. सर्वांच्या पुढे दारावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, बाहेरून आलेली मागणी योग्य भागाकडे धाडणारा.

उभारणीचा क्रम. अधिकृत मार्गदर्शिका उबुंटू किंवा डेबियन गृहीत धरते. सुरुवात कुलूपकडीने होते: पासवर्डऐवजी किल्लीने एसएसएच (दुरून लॉगिन), वारंवार चुकीचे लॉगिन करणाऱ्यांना अडवणारे फेल२बॅन, आणि फायरवॉलमध्ये २२, ८० व ४४३ एवढीच पोर्टे उघडी. मग पॅकेजे, आणि ‘मॅस्टडॉन’ याच नावाचा, पासवर्डने लॉगिन न होणारा वापरकर्ता. रूबी या वापरकर्त्याच्या घरातच आरबीएनव्ही या रूबीच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनामार्फत बसवतात, कारण मॅस्टडॉनला रूबीची नेमकी आवृत्ती लागते आणि उबुंटू-डेबियनसोबत येणारी आवृत्ती तीच असेल असे नाही. गिट या कोड सांभाळणाऱ्या साधनाने कोड ‘लाइव्ह’ या फोल्डरात उतरवतात, अवलंबित पॅकेजे घेतात आणि सेटअपची आज्ञा देतात. ती एकेक प्रश्न विचारत जाते: डोमेन काय, सर्व्हर एकट्यासाठी की अनेकांसाठी, डेटाबेस कुठे, चित्रे कुठे ठेवायची, ईमेल कोणामार्फत. उत्तरे सेटिंगच्या फाइलमध्ये जातात. मग डेटाबेसचे तक्ते तयार होतात आणि दर्शनी भागाच्या फाइली बांधल्या जातात. कमी रॅमचा स्वस्त सर्व्हर घेतलेला असेल तर तो दम सोडतो इथेच. थोडी स्वॅप जागा (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) आधी करून ठेवलेली असली की हे टळते.

शेवटी सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र, एनजिनएक्सची मांडणी आणि मुख्य भाग, प्रवाही भाग व साइडकिक चालू ठेवणाऱ्या सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाच्या) तीन सेवा. एनजिनएक्स व सिस्टमडीच्या तयार नमुना फाइली कोडसोबतच मिळतात. त्यांत डोमेन आणि जरूर तिथे फाइलींचे मार्ग बदलायचे.

नेहमीच्या अडचणी. पान उघडते पण उघडेबोडके, रंगरूपाशिवाय दिसते. कारण बहुतेक वेळा साधे असते: उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत वापरकर्त्याचे घर इतरांना बंद असते आणि एनजिनएक्सला आतल्या फाइलींपर्यंत जाताच येत नाही. त्या फोल्डरला इतरांसाठी प्रवेशाची परवानगी दिली की पान सजते. नव्या नोंदी पान पुन्हा उघडल्याशिवाय दिसत नसतील तर वेबसॉकेटची (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी राहणारी) जोडणी प्रवाही सेवेपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. सर्वांत चिवट अडचण मात्र ईमेलची. अनेक क्लाउड कंपन्या ईमेल बाहेर धाडण्याचे पोर्ट २५ बंद ठेवतात, त्यामुळे ईमेल पाठवणाऱ्या वेगळ्या सेवेकडून ५८७ सारख्या पोर्टावरून काम भागवावे लागते. पुष्टीचे ईमेलच पोहोचले नाही तर नवा सदस्य दारातच उभा राहतो.

सगळे सुरळीत झाल्यावरही पहिल्या दिवशी सर्व्हर ओसाड दिसतो. हा बिघाड नव्हे. बाहेरच्या नोंदी मुख्यतः त्याच येतात, ज्यांच्या लेखकांना इथले कोणीतरी अनुसरते.

मराठीच्या दृष्टीने. सदस्यनामात फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा चालतात; दर्शनी नाव खुशाल देवनागरीत ठेवता येते. नोंदीची मर्यादा ५०० अक्षरांची असून ती मोजताना सर्व्हर युनिकोडचे सुटे संकेत नव्हे, तर अक्षरगट मोजतो. ‘किती’ या शब्दात संकेत चार असले तरी मोजणीत तो दोनच अक्षरांचा ठरतो. काना-मात्रा-वेलांट्यांचा वेगळा कर न लावणारी ही मोजणी मराठी लिहिणाऱ्याला रोमन लिपीइतकीच, किंबहुना थोडी अधिक, ऐसपैस जागा देते.

देखभाल. बसवणे एका दिवसाचे, सांभाळणे रोजचे. इतर सर्व्हरांवरून आलेल्या चित्रांच्या प्रती आपल्या डिस्कवर साठत जातात आणि दहाजणांचा सर्व्हरही पाहता पाहता भरतो. टूटसीटीएल या आज्ञासाधनाने जुन्या प्रती काढता येतात. वेगळे न सांगितल्यास ते सात दिवसांपूर्वीच्या परक्या प्रती काढते. बॅकअप डेटाबेसचा तर हवाच, पण सेटिंगच्या फाइलचाही हवा. तिच्यातल्या गुप्त किल्ल्या हरवल्या तर सदस्यांचे दुहेरी (पासवर्डनंतर आणखी एक संकेतांक मागणारे) लॉगिन मोडते.

सुरक्षेच्या सुधारणा आल्या त्या दिवशीच बसवाव्यात. जुलै २०२३ मध्ये, फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या पुढाकाराने क्युअर५३ या सुरक्षा-तपासणी करणाऱ्या संस्थेने केलेल्या तपासणीतून एक गंभीर दोष उघड झाला: मुद्दाम घडवलेली माध्यम-फाइल पाठवून सर्व्हरवर हव्या त्या ठिकाणी फाइल लिहिता येत होती. ४.१.३ या आवृत्तीत तो बुजवला गेला. अशा वेळी एखाद्या हौशी प्रशासकाने सुट्टीवरून परतल्यावर बघू म्हटले तर त्याची किंमत सगळे सदस्य मोजतात.

भारतातून चालवलेल्या सर्व्हरावर इतरांना खाती दिली तर चालक माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या अर्थाने मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर साठवणारा व पोहोचवणारा, ठरू शकतो. २०२१ च्या नियमांनुसार मध्यस्थाला तक्रार अधिकाऱ्याचे नाव प्रसिद्ध करावे लागते. ५० लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांनंतरची जादा बंधने या घरगुती सर्व्हरांपासून फार लांब आहेत.

पर्याय. इतका पसारा नको असणाऱ्यांसाठी गोटूसोशल हा गो भाषेतील आटोपशीर कार्यक्रम आहे. तो एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवरही चालतो. २०१० पासूनची फ्रेंडिका ही फेडिव्हर्समधलीच दुसरी प्रणाली पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालते, म्हणून वेब होस्टिंगची सवय असलेल्यांना ती ओळखीची वाटते.

बंद करणे. सर्व्हर नकोसा झाला म्हणून यंत्र नुसते बंद केले तर त्याच्या सदस्यांच्या नोंदींच्या प्रती इतरत्र तशाच राहतात. त्या पुसण्यासाठी टूटसीटीएलमध्ये आत्मविसर्जनाची आज्ञा आहे. ती ओळखीच्या प्रत्येक सर्व्हरला खाती पुसल्याचा निरोप धाडते आणि साइडकिकची रांग पूर्ण रिकामी होईपर्यंत यंत्र चालूच ठेवावे लागते. ही आज्ञा मागे घेता येत नाही, आणि त्या डोमेनवर पुन्हा मॅस्टडॉन बसवण्याचा बेतही मग सोडून द्यावा लागतो.