डीसी एमसीबीवरच्या ‘प्लस’चा घोळ कुठून आला

बॅटरीसह सोलर बसवताना हल्ली एक वाद हमखास निघतो. डीसीच्या (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) पेटीतल्या ब्रेकरवर, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या एमसीबीवर, अधिक-उणे छापलेलं असतं. मग पॅनेलची वायर वरून आत घ्यायची की खालून? आणि हाच ब्रेकर बॅटरीच्या बाजूला चालतो का? एक वायरमन म्हणतो काही फरक पडत नाही, दुसरा सगळी पेटी उकलून पुन्हा जोडायला सांगतो. दोघांनाही आपापल्या अनुभवाचा आधार आहे, आणि दोघांचे अनुभव वेगवेगळ्या व्होल्टेजवरचे आहेत.

पहिला अनुभव लोडशेडिंगच्या काळातला. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वीज येण्यापेक्षा जाण्याचंच वेळापत्रक पाठ असे. त्या काळात जिन्याखाली ट्रॉलीवर आलेला संच म्हणजे 12 व्होल्टची, बहुधा 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेची ट्युब्युलर बॅटरी आणि वर इन्व्हर्टर. पेटी नाही, वायरी एकत्र जोडायची पट्टी (बसबार) नाही. इन्व्हर्टरच्या पाठीला एक फ्यूज, बॅटरीच्या टोकांना नट-बोल्टने आवळलेल्या लग (वायरीच्या टोकाच्या कड्या). वायरमनचं खरं डोकं चालायचं ते एसीच्या, म्हणजे घरच्या विजेच्या बाजूला: कुठले दिवे-पंखे इन्व्हर्टरवर घ्यायचे, न्यूट्रल कुठून वेगळा काढायचा. बॅटरीची वायर तोडायची सोय हवीच असेल तर दुकानातला नेहमीचा, घरच्या बोर्डात बसतो तोच एमसीबी लावला जाई. आणि तो चालेही.

चालायचं कारण ब्रेकरच्या गुणात नव्हतं. ब्रेकर पडताना तांब्याच्या टोकांमध्ये उडणारी ठिणगी बारा-तेरा व्होल्टच्या आत फारशी तग धरत नाही, त्यामुळे ती आपोआप विझे. 24 व्होल्टलाही निभावत होतं, कारण बऱ्याच एसी एमसीबींच्या माहितीपत्रकात एका पोलला (ब्रेकरच्या एका खणाला) सुमारे 60 व्होल्ट डीसीपर्यंत मुभा दिलेली असते. 48 व्होल्टची बॅटरी चार्ज होताना 56-58 पर्यंत जाते, म्हणजे अगदी काठावर. पण तोवर ‘एमसीबी तो एमसीबी’ हे हाताला बसलं होतं. सरकारी योजनांतल्या सौर पथदिव्यांनी ते मोडलं नाही. तिथे 74 वॅटचं पॅनेल, 75 एएचची बॅटरी आणि खांबावरचा पत्र्याचा डबा, सगळं 12 व्होल्टवरच. 2017 नंतर तारा न पोचलेल्या पाड्यांसाठी 200 ते 300 वॅटचे संच आले, पाच एलईडी दिवे आणि एक डीसी पंखा चालवणारे. तेही याच घराण्यातले.

दुसरा अनुभव हायब्रिड इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि ग्रीड तिन्ही सांभाळणाऱ्या इन्व्हर्टरचा. आता आठ पॅनेल एकापुढे एक जोडली की पेटीत चारशेच्या आसपास व्होल्ट डीसी येतं, आणि कडाक्याच्या थंडीत सकाळी त्याहून थोडं जास्त. नाव तेच, ‘डीसी साइड’. हातही तेच. पण इथे ठिणगी विझत नाही. एसीसारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येणारा प्रवाह नसल्याने तिला कोणीतरी ढकलून, ताणून मारावं लागतं.

हे ढकलण्याचं तंत्र नवीन नाही. मुंबईत 1907 मध्ये विजेची ट्राम आली, 1925 मध्ये 1500 व्होल्ट डीसीवर लोकल धावली. त्या जमान्यातल्या स्विचांत ठिणगी चुंबकाने बाजूला फेकली जाई. पण ते चुंबक म्हणजे त्याच प्रवाहावर चालणारी तारेची गुंडाळी होती. प्रवाह उलटला की गुंडाळीचं चुंबकत्वही उलटे, आणि दोन उलट मिळून जोर पुन्हा त्याच दिशेला. दिशेचा प्रश्नच नसे. सोलरच्या स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेत) मात्र प्रवाह जेमतेम 10-12 अँपिअर. एवढ्याशा प्रवाहावर गुंडाळी दुबळी पडते, म्हणून लहान डीसी एमसीबीत कायमचा चुंबक बसवण्याची टूम निघाली. काम स्वस्तात झालं. बदल्यात ब्रेकरला उलट-सुलट कळू लागलं: प्रवाह ठरल्या दिशेने असेल तर ठिणगी तिला विझवणाऱ्या पत्र्यांच्या जाळीत जाते, उलटा असेल तर आत यंत्रणेकडे ढकलली जाते आणि डबीच जळते.

घोळ इथला आहे. ब्रेकरवरचा ‘+’ म्हणजे ‘लाल वायर इथे’ असा अर्थ नाही. वीज जिथून येते त्या स्रोताचा धन इथे, असा तो अर्थ. एसी एमसीबी वरून भरला काय, खालून भरला काय, चालतो. म्हणून वायरमन पेटीतल्या जागेप्रमाणे खालून भरतो, लाल वायर धनाच्याच पोलला लावतो, आणि मीटर सगळं बरोबर दाखवतो, पण ब्रेकरमधून प्रवाह उलटा जात असतो. चूक कळते ती भर उन्हात, लोडवर ब्रेकर खाली पाडला तर. बनवणाऱ्यांनी एका चिन्हाऐवजी बाण छापला असता तर निम्मी भांडणं वाचली असती, असं मला वाटतं.

बॅटरीच्या बाजूला तर ‘स्रोत’ हा शब्दच डळमळतो. दुपारी इन्व्हर्टर बॅटरीला देतो, रात्री बॅटरी इन्व्हर्टरला. दिशेचा ब्रेकर चालेल म्हणणारे सांगतात, मोठा धोका शॉर्टचा, तो बॅटरीकडून येतो. म्हणून बॅटरीला स्रोत धरून जोडा. चार्जिंग चालू असताना तोडलं तरी दोन्ही बाजूंचं व्होल्टेज जवळपास सारखं, ठिणगी कितीशी पडणार? एकच बॅटरी असेल तोवर या म्हणण्यात तथ्य आहे. पण 51.2 व्होल्ट, 100 एएचच्या लिथियम बॅटऱ्या एकाला एक समांतर जोडायची पद्धत आता सर्रास आहे. त्यातल्या एकीत आत शॉर्ट झाला की बाकीच्या तिच्याकडे ओततात, हजारांत मोजावा असा प्रवाह, आणि तिच्या ब्रेकरमधून नेमका उलटा. तिथे दोन्ही दिशांचा ब्रेकर आणि सोबत भरभक्कम फ्यूज, याला पर्याय दिसत नाही.

ऑस्ट्रेलियात हा वाद आपल्या आधी झाला. उलटे जोडलेले ब्रेकर पेटू लागल्यावर तिथल्या 2012 च्या नियमावलीने पॅनेलच्या बाजूला दिशेवर अवलंबून असणारे ब्रेकर बाद ठरवले. त्याच काळात छतावर पॅनेलजवळ आयसोलेटर (वीज हाताने तोडायचा स्विच) सक्तीचा होता. पुढे त्याच्याच डब्यात पाणी शिरून आगी लागल्या आणि 2021 मध्ये ती सक्ती काढावी लागली.

पेटीची कथा थोडक्यात आटोपते. लाकडी बोर्ड गेला, पत्र्याचा डबा आला, मग आयपी65 ची, म्हणजे धूळ-पाणी आत न येऊ देणारी पॉलिकार्बोनेट पेटी. तिला वरून भोक पाडून ग्लँडशिवाय (वायरीभोवती आवळायच्या बुचाशिवाय) वायर सोडली की कोकणातल्या पावसात त्या 65 ला काही अर्थ उरत नाही. मुंग्या आणि पाली वेगळ्याच.

2024 पासून छतावरच्या सोलरला केंद्राचं अनुदान मिळू लागलं, 3 किलोवॅटला 78,000 रुपये. त्यातले बहुतेक संच बॅटरीविना, थेट ग्रीडला जोडलेले. नव्या पिढीचा हात त्यावर बसतो आहे, जिथे प्रवाह एकाच दिशेने जातो आणि ‘+’ चा ब्रेकर नीट भरला की बिनतक्रार चालतो. वर्ष-दोन वर्षांनी तेच घरमालक फोन करतात, बॅटरी जोडायची आहे म्हणून. पेटीत डिन रेलवर (ब्रेकर अडकवायच्या पट्टीवर) दोन घरं रिकामी असतात, पिशवीत तोच ब्रेकर असतो.