लिंक्ड पिक्चर (एक्सेल)

एक्सेलमधल्या सेलच्या पट्ट्याचे, मूळ सेलशी जोडलेले राहणारे चित्र. मूळ आकडा बदलला की चित्रातला आकडाही बदलतो आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने (अटीनुसार सेलला आपोआप रूप देणाऱ्या सोयीने) चढलेला रंगसुद्धा. ज्या साधनाने ते काढतात त्यावरून त्याला ‘कॅमेरा’ असेही म्हणतात.

याची गरज का पडते? एका शीटवरून दुसऱ्या शीटवर बरोबरच्या चिन्हाने सेल जोडला तर फक्त किंमत येते. मूळ सेल लाल असला तरी नवा सेल पांढराच राहतो, कारण सूत्र रंग आणत नाही. रंगाचे नियम दुसऱ्या शीटवर पुन्हा लिहावे लागतात, आणि पुढे कोणी एका ठिकाणची मर्यादा बदलली की दोन्ही शीट वेगळे बोलू लागतात. दुसरी अडचण रकान्यांच्या रुंदीची. वर बारा महिन्यांचे अरुंद रकाने आणि त्याच पानावर खाली ऐसपैस ‘शेरा’ हवा असेल, तर सेल मर्ज करण्याची, म्हणजे अनेक सेल जोडून एक करण्याची, कसरत सुरू होते. चित्र मात्र सेलच्या वर तरंगते. हवे तिथे सरकवा, हवे तेवढे लहान करा.

कंडिशनल फॉरमॅटिंग एक्सेल ९७ मध्ये आले. २००३ पर्यंत एका सेलला तीनच अटी देता येत. २००७ मध्ये ती मर्यादा गेली आणि डेटा बार (सेलमधल्या पट्ट्या), आयकॉन सेट (छोटी चिन्हे) हेही आले. चित्रात तेही उमटतात. त्याच २००७ च्या रिबनमध्ये, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीत, कॅमेरा मात्र आलाच नाही. तो काढून टाकलेला नाही: क्विक ॲक्सेस टूलबार (आपल्या आवडीच्या बटणांची छोटी पट्टी) सजवण्याच्या यादीत ‘रिबनमध्ये नसलेल्या कमांड’ निवडल्या की सापडतो. त्यापेक्षा सोपे म्हणजे पट्टा कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून ‘लिंक्ड पिक्चर’ निवडणे. २००३ मध्ये हाच पर्याय शिफ्ट दाबून एडिट मेनू उघडल्यावरच दिसे. ज्याला कोणी सांगितले नाही त्याला तो सापडण्याची शक्यता कमीच.

चित्रावर क्लिक केले की फॉर्म्युला बारमध्ये मूळ पट्ट्याचा पत्ता दिसतो. समजा, ‘साठा’ शीटवरचा बी २ ते एफ ८. खरी गंमत इथे आहे. या पत्त्याच्या जागी नेम मॅनेजरमध्ये (पट्ट्यांना नावे देण्याच्या खिडकीत) केलेले नाव देता येते, आणि त्या नावामागे इंडेक्स किंवा ऑफसेट ही हवा तो पट्टा शोधून देणारी फंक्शन लावता येतात. मग ड्रॉपडाउनमध्ये ‘जून’ निवडले की जूनचा तक्ता रंगांसकट समोर येतो, ‘जुलै’ निवडले की जुलैचा. फंक्शन थेट फॉर्म्युला बारमध्ये लिहिले तर एक्सेल ते स्वीकारत नाही. नावाचा वळसा घ्यावाच लागतो. पत्ता पुसून टाकला की जोड तुटते आणि साधे चित्र उरते.

चित्रात मूळ पट्टा शीटवर दिसतो तसाच येतो. ग्रिडलाइन (सेलमधल्या फिकट रेषा) चालू असतील तर त्या येतात, रकाना अरुंद असेल तर आकड्याऐवजी हॅशची रांगही येते, लपवलेल्या ओळी गळतात. पट्ट्यावर ठेवलेला चार्टही टिपला जातो. मूळ शीट लपवले तरी चित्र चालू राहते, त्यामुळे डॅशबोर्ड (सारांश एका पानावर दाखवणारे शीट) करणारे कच्चे हिशेब मागे ठेवून हेच पुढे मांडतात.

चित्रातला आकडा तिथल्या तिथे दुरुस्त करता येत नाही. ताणून मोठे केले तर अक्षरे फुटतात, आणि अशी चित्रे वीस-पंचवीस झाली की फाइल जड होऊन अडखळू लागते.