माजी सैनिकांच्या पदकांच्या नोंदीतील चुका: दुरुस्तीचा अर्ज कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांसह करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिक्कोडी या पट्ट्यात गल्लीगणिक एखादा फौजी सापडतो. घरात पदके फ्रेम करून लावलेली असतात, पण डिस्चार्ज बुकातले, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तकातले, पदकांचे पान उघडले तर त्यातली निम्मीच तिथे उतरलेली दिसतात. कुठे नंबरातले शेवटचे अक्षर चुकलेले असते, तर कुठे पदक आहे पण त्यावरच्या क्लास्पची, म्हणजे भागाचे किंवा मोहिमेचे नाव असलेल्या धातूच्या पट्टीची, नोंद नसते. माणूस हयात असताना त्यावाचून फारसे अडत नाही. तो गेल्यावर मात्र बायको-मुलांना टेबलाटेबलापुढे उभे राहावे लागते. म्हणून हे काम जवान स्वतः हिंडता-फिरता आहे तोवरच उरकावे.

दुरुस्ती आणि नव्या पदकाची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिळालेले पदक नोंदीत नाही किंवा चुकीचे नोंदले आहे, तर ती दुरुस्ती. ‘माझी शिफारस झाली होती, पण पदक आले नाही’ ही दुरुस्ती नव्हे आणि या वाटेने ते काम होत नाही. ही दोन गाऱ्हाणी एकाच अर्जात घातली की साधी दुरुस्तीही रखडते.

चूक नेमकी कुठे झाली, ते आधी शोधा

शौर्यपदकाची मूळ नोंद भारताच्या राजपत्रात असते. राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना भाग १, खंड १ मध्ये छापली जाते. जाहीर होण्याचे नेहमीचे दिवस २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट. तिथून नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या सेवेतले बदल नोंदवणाऱ्या आदेशात) येते, मग शीट रोलवर (त्याच्या मूळ सेवा-नोंदपत्रावर), निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकात आणि शेवटी पी.पी.ओ.मध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात). चूक यांतल्या कोणत्याही टप्प्यावर शिरू शकते. राजपत्र बरोबर आणि डिस्चार्ज बुक चुकीचे असेल तर रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे जवानांच्या सेवानोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या, पातळीवरच काम होते. राजपत्रातच नंबर किंवा नाव चुकले असेल तर रेकॉर्ड ऑफिस प्रकरण सेना मुख्यालयाकडे पाठवते आणि शुद्धिपत्र निघावे लागते. त्याला वेळ लागतो. जुनी राजपत्रे ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर शोधता येतात. वीरता पुरस्कारांसाठी संरक्षण मंत्रालयाचे वेगळे संकेतस्थळही आहे. अर्ज लिहिण्याआधी तुमच्या नावाचे पान काढून ठेवा.

मोहिमेची आणि सेवेची पदके यापेक्षा सोपी. १५ ऑगस्ट १९९७ रोजी जो नोकरीत होता त्याला स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचे पदक. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची पदके वेगळी. भरतीची आणि डिस्चार्जची तारीख हाच इथे मोठा पुरावा. सैन्य सेवा मेडलच्या जम्मू-काश्मीर किंवा हिमालय क्लास्पसाठी, सियाचीनच्या पदकासाठी किंवा श्रीलंकेतल्या ऑपरेशन पवनसाठी मात्र त्या काळात युनिट तिथे होते आणि तुम्ही युनिटबरोबर होता, हे दाखवावे लागते. राष्ट्रीय रायफल्समध्ये दोन-अडीच वर्षे काढून परत आलेल्यांनी हे पान खास बघावे. तिथल्या युनिटची पार्ट टू ऑर्डर मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्डपर्यंत पोचलीच नाही, असे घडते.

पदक हातात घेऊन त्याची कडही बघा. कडेवर बारीक अक्षरांत आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. भिंग लावून ते डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहा. पुढे नायब सुभेदार झालेल्यांच्या जुन्या पदकांवर शिपाई असतानाचा नंबर असतो आणि नंतरच्या पदकांवर जे.सी. (ज्युनियर कमिशन्ड) ने सुरू होणारा. ही चूक नव्हे. त्यासाठी अर्ज करू नका.

अर्ज कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला?

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचे सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस असल्यामुळे सगळ्या फौजींचे काम तिथेच होते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. रेकॉर्ड गावावर नाही, तर पलटणीवर ठरते. तोफखान्यातल्या माणसाचे रेकॉर्ड नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, सिग्नल्सचे जबलपूरला, महार रेजिमेंटचे सागरला, ई.एम.ई.चे (विद्युत आणि यांत्रिकी कोअरचे) सिकंदराबादला, वैद्यकीय कोअरचे लखनौला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दचा ब्युरो ऑफ सेलर्स आणि हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रतो पार्क. निवृत्तीनंतर डी.एस.सी.त (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी केली असेल तर त्या काळाचे रेकॉर्ड कण्णूरला असते, पण आधीच्या नोकरीतल्या पदकांसाठी जुन्या रेजिमेंटलाच लिहावे. अधिकाऱ्यांचे रेकॉर्ड दिल्लीत सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेत असते.

अर्ज माजी सैनिकाने स्वतः करावा. तो हयात नसेल तर पत्नीने, पत्नीही नसेल तर नोंदीतल्या जवळच्या वारसाने. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरती आणि डिस्चार्जच्या तारखा, आज नोंद काय आहे, ती काय हवी आणि त्याला पुरावा कोणता, एवढेच असावे. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, पी.पी.ओ., माजी सैनिक ओळखपत्र, आधार, पदकाच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, शौर्यपदक असल्यास राजपत्राचे पान व सन्मानपत्राची प्रत जोडा. मूळ डिस्चार्ज बुक रेकॉर्ड ऑफिसने लेखी मागितल्याशिवाय पाठवू नका. अर्ज सैनिक बोर्डामार्फत, म्हणजे जिल्ह्याच्या सैनिक कल्याण व पुनर्वसन कार्यालयाच्या पत्रासह गेला तर बरे. एक प्रत स्पीड पोस्टाने थेटही धाडा आणि पावती जपा.

नावाचा घोळ आधी मिटवा

आपल्या सीमाभागात खरी अडचण इथे येते. समजा, खानापूर तालुक्यातला एक हवालदार. मराठी शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव परशराम. भरतीच्या कारकुनाने ते ऐकून इंग्रजीत उतरवले. रेशन कार्ड कन्नडमध्ये झाले, तिथे परशुराम. आधार त्या कार्डावरून निघाले आणि इंग्रजीत एक ‘यू’ वाढला. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. इकडच्या कागदांवर वडिलांचे नाव कधी अद्याक्षर होऊन शेवटी जाते, कधी आडनावच गळते. माणूस एकच, पण संगणकाला तीन माणसे दिसतात. बायकांचे तर विचारू नका. लग्नात नाव बदललेले असते, पार्ट टू ऑर्डरमध्ये सासरचे नाव आणि आधारवर माहेरचे.

अशा वेळी पदकाच्या अर्जाआधी नावाचा अर्ज करा. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढचे ॲफिडेव्हिट, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकातली जाहिरात आणि शाळेचा दाखला लागतो. मराठी किंवा कन्नड दाखल्याचे इंग्रजी भाषांतर साक्षांकित करून जोडा. वारस अर्ज करत असेल तर मृत्यूचा दाखला आणि नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणारी वंशावळ हवी. आपल्याला शक्य असेल तिथे आधार बदलून सेनेच्या नोंदीप्रमाणे करून घेणे हे सेनेची नोंद बदलण्यापेक्षा खूप सोपे पडते, हे माझे ठाम मत आहे. जुन्या कागदांवर ‘बेलगाम’ आहे आणि आता ‘बेळगावी’ लिहितात, याची काळजी नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बदलले, एवढे अर्जात एका ओळीत लिहा.

भत्ता कुठे अडतो

शौर्यपदकाबरोबर दरमहा भत्ता मिळतो. १ ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला २०,०००, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये असा दर ठरला. जवानाच्या मागे तो पत्नीला मिळतो. घोटाळा होतो तो सेना मेडलमध्ये. हे पदक शौर्यासाठीही मिळते आणि विशिष्ट सेवेसाठीही. भत्ता फक्त पहिल्याला. डिस्चार्ज बुकात नुसते ‘सेना मेडल’ लिहिले असेल तर ‘शौर्य’ हा शब्द चढवून घेतल्याशिवाय भत्ता सुरू होत नाही. नोंद दुरुस्त झाली की रेकॉर्ड ऑफिस प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे पाठवते आणि सुधारित पी.पी.ओ. निघतो. स्पर्शवर, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, आधी तक्रार टाकून काही होत नाही, कारण स्पर्श रेकॉर्ड ऑफिसने कळवलेलेच दाखवते.

उत्तर आले नाही तर

दोन-तीन महिने वाट पाहून स्मरणपत्र द्या. तरी हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. सेना त्या कायद्यातून वगळलेली नाही. दहा रुपये शुल्क भरून ‘माझ्या शीट रोलमधल्या पदकांच्या नोंदीची आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रत द्यावी’ अशी नेमकी मागणी करा. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिले अपील त्यानंतर ३० दिवसांत. खूप जुन्या नोकरीची शीट रोल मुदत संपल्यावर नष्ट केलेली असू शकते. तसे उत्तर आले तर लाँग रोलमधली (जवानांच्या थोडक्यात नोंदींच्या रजिस्टरमधली) नोंद मागा.

लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे जावे लागते, म्हणून नकाराचे पत्र आणि त्याचे पाकीट दोन्ही तारखेसह ठेवा. कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी कोची खंडपीठ. शेजारच्या चंदगड-गडहिंग्लजच्या फौजींचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावात असले तरी महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी खंडपीठ मुंबईचे.

दुरुस्ती होऊन आली की डिस्चार्ज बुकातल्या नव्या ओळीखाली रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का, सही आणि पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आहे का, ते तिथल्या तिथे बघून घ्या. नसेल तर पुस्तक तसेच परत पाठवा. पेनाने स्वतः काही लिहू नका आणि पानांना लॅमिनेशन करू नका. एक प्रत सैनिक बोर्डात द्या आणि दुसरी पत्नीच्या हाती, ती कशाची आहे ते नीट समजावून.